एका विणकराकडे किती साचे?

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईचे गिरणगाव बंद पडले ते ऑक्टोबरपर्यंत बंदच राहिले. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने घरी बसले. संपामागे कारणे बरीच होती. पण ठिणगी ज्या प्रश्नावरून पडली तो कागदावर एका ओळीचा आहे. एका विणकराने किती साचे सांभाळायचे?

गिरणीत मागाला साचा म्हणत आणि तो चालवणाऱ्याला साचेवाला. मुंबईत एका साचेवाल्याकडे दोन साचे, ही तेव्हाची रीत होती. ससून गटाच्या गिरण्यांनी 'एफिशियन्सी स्कीम' आणली आणि दोनाचे तीन केले. सूतखात्यातही एका बाजूऐवजी यंत्राच्या दोन बाजू एकाच माणसाकडे आल्या. मालकांचा मुद्दा सरळ होता: जपानात एक विणकर याहून जास्त माग चालवतो, त्या कापडाशी टक्कर द्यायची तर मुंबईच्या विणकराला दोनच का? कामगारांचा मुद्दाही तितकाच सरळ होता: तिसरा साचा आला म्हणजे दर तिघांतला एक जण घरी गेला, आणि उरलेल्या दोघांच्या वाट्याला दीडपट धावपळ आली.

औद्योगिक अभियांत्रिकी या विषयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात या भांडणापासून करावी. पाठ्यपुस्तके सहसा व्याख्येपासून सुरू होतात: माणूस, यंत्र, माल, माहिती आणि ऊर्जा यांची एकत्रित व्यवस्था आखणे, सुधारणे आणि उभी करणे म्हणजे औद्योगिक अभियांत्रिकी. व्याख्या बरोबर आहे, परीक्षेत गुणही मिळतात. पण तिच्यात साचेखात्याचा आवाज ऐकू येत नाही. यंत्र अभियंता साचा कसा चालतो ते पाहतो. वस्त्र अभियंता कापड कसे विणले जाते ते पाहतो. औद्योगिक अभियंता दोन साच्यांच्या मधल्या गल्लीत उभा राहतो आणि तिथे येरझारा घालणाऱ्या माणसाकडे पाहतो. तो किती वेळ काम करतो, किती वेळ वाट पाहतो, आणि एकाच क्षणी दोन्ही साचे थांबले तर काय करतो?

हा शेवटचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. थोडा हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते घेतलेले आहेत. समजा एक साचा तासाला चार वेळा थांबतो आणि प्रत्येक वेळी तुटलेला धागा जोडून तो पुन्हा सुरू करायला दीड मिनिट लागते. म्हणजे एका साच्यामागे तासाला सहा मिनिटांचे काम झाले. दोन साच्यांचे बारा, तिनांचे अठरा. साठातून अठरा वजा केले तर बेचाळीस मिनिटे माणूस रिकामा! ऑफिसात बसलेल्या कोणालाही वाटेल की याला आणखी दोन साचे द्यायला हरकत नाही.

आता सूत हलके घ्या. कापूस आखूड धाग्याचा, वर हवा कोरडी. धागा तासाला चारऐवजी बारा वेळा तुटू लागला. एका साच्यामागे अठरा मिनिटे, तिनांमागे चोपन्न. कागदावर अजूनही सहा मिनिटे शिल्लक दिसतात, पण प्रत्यक्षात एकही नाही. धागे पाळीपाळीने तुटत नाहीत. एका साच्यावर हात गुंतलेला असताना दुसरा थांबतो, तो तसाच उभा राहतो आणि तेवढे कापड बुडते. शिवाय साध्या मागावर धोट्यातली कांडी दर काही मिनिटांनी संपते, ती हाताने बदलावी लागते. चालणे आहे, कापडावर नजर ठेवणे आहे, पाणी प्यायला जाणे आहे. विणकराची मजुरी कापडावर, म्हणजे थांबलेल्या साच्याची किंमत त्याच्याही खिशातून जाते. तेव्हा 'तीन साचे जमतील का' या प्रश्नाचे खरे उत्तर विणकराच्या मेहनतीत कमी आणि सुताच्या प्रतीत जास्त दडलेले होते. कामगार हे आपल्या भाषेत सांगत होते: आधी सूत सुधारा, मग साचे वाढवा. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढेही हा वाद सविस्तर झाला.

एकाच माणसाकडे अनेक यंत्रे आणि ती केव्हाही थांबणारी, या कोड्याचे रीतसर गणित स्वीडनच्या कॉनी पाल्म यांनी १९४७ मध्ये मांडले. त्याचे मूळ आणखी मागे, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आहे. तिथे ए. के. एरलांग हे गणिती एका एक्स्चेंजला किती लाइनी लागतील हे शोधत होते. त्यांचा पहिला निबंध १९०९ चा. कॉल केव्हाही येतात, धागे केव्हाही तुटतात. गणिताच्या दृष्टीने दोन्ही सख्खी भावंडे. आज हा सगळा भाग 'रांगांचा सिद्धांत' या नावाने शिकवला जातो आणि बहुतेक विद्यार्थ्यांना तो पहिल्या वाचनात रुक्ष वाटतो. साचेवाला डोळ्यांसमोर ठेवून वाचला तर तसा वाटत नाही.

विषयाचा जन्म मात्र अमेरिकेतला, आणि त्याचा बाप म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या फ्रेडरिक विन्स्लो टेलरची गोष्ट प्रत्येक पुस्तकात असते. १८९९ च्या सुमारास बेथलहेम स्टील कंपनीच्या आवारात मजूर कच्च्या लोखंडाचे ठोकळे उचलून रेल्वेच्या वाघिणीत टाकत. एक ठोकळा ९२ पौंडांचा, म्हणजे बेचाळीस किलोच्या आत-बाहेर. एक माणूस दिवसाला साडेबारा टन भरी. टेलरने म्हटले साडेसत्तेचाळीस टन भरता येईल, आणि 'श्मिट' या टोपणनावाने पुस्तकात येणाऱ्या एका मजुराकडून ते करून घेतले. युक्ती घाईची नव्हती, विश्रांतीची होती. टेलरचा निष्कर्ष असा की एवढे ओझे असेल तर दिवसातला ४३ टक्केच वेळ ते माणसाच्या हातात असावे, बाकी वेळ हात मोकळे हवेत. केव्हा उचलायचे, केव्हा बसायचे, हे घड्याळ घेतलेला माणूस सांगणार.

इथे विद्यार्थ्याने कॅल्क्युलेटर काढावा. साडेसत्तेचाळीस टन म्हणजे साडेअकराशे ठोकळे. दहा तासांच्या दिवसात दर एकतीस सेकंदांना एक. श्मिटची रोजची मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली, म्हणजे साठ टक्क्यांनी वाढली. काम जवळजवळ चौपट झाले. मधला फरक कुठे गेला, हे टेलरच्या पुस्तकात फारसे रेंगाळत सांगितलेले नाही. पुढे जुनी कागदपत्रे तपासणाऱ्या संशोधकांनी हेही दाखवून दिले की ही गोष्ट त्याने बरीच रंगवून सांगितली होती. तरीही १९११ मध्ये आलेल्या त्याच्या 'वैज्ञानिक व्यवस्थापना'च्या पुस्तकाने जग हलवले यात शंका नाही. कारण त्याआधी 'दिवसाचे काम किती' हा प्रश्न मुकादमाच्या आवाजावर ठरत असे. टेलरने तो मोजपट्टीवर आणला. मोजपट्टी कोणाच्या हातात, हा वाद त्याच वर्षी पेटला. वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात ओतारी कामगारांमागे स्टॉपवॉच लावले आणि ते काम टाकून बाहेर पडले. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने टेलरला बोलावून प्रश्न विचारले, आणि पुढे कित्येक वर्षे सरकारी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला मनाई राहिली.

टेलरच्याच काळात दुसरी एक जोडी काम करत होती आणि प्रस्तुत लेखकाचा कल उघडच तिच्याकडे आहे. फ्रँक गिलब्रेथ हा विटा रचणारा गवंडी म्हणून सुरू झालेला माणूस. त्याने पाहिले की गवंडी दर विटेसाठी कमरेत वाकतो. वीट पाच पौंडांची, पण ती उचलताना स्वतःच्या धडाचे ओझेही तो खाली-वर करतो. गिलब्रेथने परांची अशी केली की विटा कायम कमरेच्या उंचीवर राहतील; विटांची चांगली बाजू आधीच वर करून ठेवायला हलक्या मजुरीचा माणूस लावला; चुना इतका पातळ ठेवला की वीट हाताने दाबली तरी बसेल. एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचांवर आल्या. तासाला १२० विटा लागत होत्या तिथे ३५० लागू लागल्या. टेलरने माणसाला किती वेळ लागतो ते मोजले. गिलब्रेथने तो वेळ का लागतो ते पाहिले. दोघांत अंतर आहे, आणि कारखान्यात गेल्यावर ते अंतर फार लवकर कळते.

फ्रँक १९२४ मध्ये अचानक वारला. त्याची पत्नी लिलियन हिने मानसशास्त्रात डॉक्टरेट केली होती, घरात अकरा मुले होती, आणि कारखानदार बाईमाणसाला सल्लागार म्हणून बोलवायला तयार नव्हते. तिने मग स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचे श्रेय तिला दिले जाते. तिच्या कामातला खरा मोलाचा भाग मात्र वेगळा: बाईच्या उंचीनुसार कामाचा पृष्ठभाग ठरवा, हा आग्रह. आपल्याकडे चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक दोन-तीन पिढ्यांत ओट्यावर आला. ओटा मात्र बहुतेक घरांत ज्या मापाचा कडप्पा बसतो त्या मापाचा असतो. पाच फुटांच्या आत-बाहेरची बाई त्यावर कणीक मळते तेव्हा खांदे उचलून मळते आणि रात्री मान दुखते म्हणते. भारतीय शरीरांची मापे पद्धतशीर घेऊन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक काढले. बिल्डरांच्या टेबलावर ते फारसे दिसत नाही.

गिलब्रेथ दांपत्य सोडून पुन्हा साच्यांकडे यायला हवे, कारण मुंबईत जो प्रश्न संपाने गाजला त्याला जगात आणखी दोन उत्तरे निघाली.

पहिले जपानचे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये स्वयंचलित माग पुरा केला. कांडी संपली की माग न थांबता धोटा आपोआप बदले. आणि धागा तुटला की माग आपोआप थांबे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे. माग स्वतः थांबतो म्हटल्यावर खराब कापड विणले जात नाही, आणि मुख्य म्हणजे माणसाला त्याच्यावर डोळा लावून बसावे लागत नाही. तो फक्त थांबलेल्या मागाकडे जातो. मुंबईत विणकराला एक साचा वाढवून दिला होता; टोयोडांनी साच्यालाच थोडी अक्कल दिली आणि मग एका माणसाला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले. या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. याच ओल्डहॅमच्या कंपनीची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतही होती.

टोयोडांच्या सूतगिरणीत १९३२ मध्ये नोकरीला लागलेला ताईइची ओनो पुढे त्यांच्या मोटार कंपनीत आला, तो हीच कल्पना घेऊन. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्याने यंत्रशाळेत एका कामगाराकडे दोन, मग तीन-चार यंत्रे देऊन पाहिली. तिथल्या जुन्या कारागिरांनीही विरोध केला. म्हणजे हा स्वभाव काही गिरणगावचा खास नव्हता. टोयोटा उत्पादन पद्धती म्हणून जिचे आज गोडवे गायले जातात, ती या विरोधातून वाट काढत काढत तीसेक वर्षांत घडली. गरजेपेक्षा जास्त उत्पादन हीच सर्वांत मोठी नासाडी, पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही, आणि लाइनवरच्या कोणालाही काही चुकते आहे असे वाटले तर दोरी ओढून लाइन थांबवता यावी. या तिसऱ्या गोष्टीचे मूळ तुटलेल्या धाग्यात आहे. आपल्याकडच्या कित्येक कारखान्यांनी ती दोरी हौसेने बसवली. ती ओढणाऱ्याला 'तूच का रे थांबवलीस?' असे विचारले गेले की दोन आठवड्यांत तिच्यावर धूळ बसते.

दुसरे उत्तर अहमदाबादचे. कॅलिको गिरणीने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला स्वयंचलित माग आणले, पण उत्पादन अपेक्षेइतके चढेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांना दिसले की मागखात्यातले काम बारा वेगवेगळ्या हुद्द्यांत तोडलेले आहे. एक जण फक्त विणतो, एक फक्त कांड्या भरतो, एक फक्त तेल घालतो. प्रत्येकाकडच्या मागांची संख्या वेगळी, त्यामुळे कोण कोणासोबत काम करतो हेच ठरत नाही. वेळ-अभ्यासाच्या शास्त्राने पाहिले तर प्रत्येकाचा कामाचा बोजा चोख मोजलेला होता. राइस यांनी सुचवले की मागांचे समूह करावेत आणि एकेका समूहाची जबाबदारी सात-सात जणांच्या गटाकडे द्यावी. आत कोण काय करतो ते गटाने ठरवावे. कामगारांनी गट आपले आपणच जुळवले. सुरुवातीच्या धडपडीनंतर उत्पादन वाढले आणि खराब कापड घटले. यंत्रे तीच होती, माणसेही जवळपास तीच. 'सामाजिक-तांत्रिक व्यवस्था' या जडशीळ नावाने हा प्रयोग जगभर शिकवला जातो. अहमदाबादहून मुंबई एका रात्रीच्या प्रवासावर आहे, पण आपल्या महाविद्यालयांत त्याचे नाव क्वचितच ऐकू येते.

कारखान्याबाहेर हा विषय शोधायचा तर महाराष्ट्रात लांब जायला नको. गाळप हंगामात पहाटे कोणत्याही साखर कारखान्याच्या आवारात उभे राहावे. बैलगाड्यांची रांग काट्यापासून सुरू होते आणि फाटकाबाहेर जाते. बैल सोडून जुवाजवळ बांधलेले असतात, वाढ्याची पेंढी पुढे टाकलेली असते, गाडीखाली गोधडीत कोणीतरी निजलेले असते. पलीकडे ऊस आत नेणारी गव्हाण चालू आहे. ती रात्रंदिवस चालते. रिकामी राहिली तर बॉयलरपासून पुढचे सगळे अडते. इकडे ऊस तोडल्या क्षणापासून वाळतो आहे. त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा पडतो. म्हणजे रांगेत उभा ऊस दर तासाला थोडा थोडा हरवतो.

जॉन लिटल या प्राध्यापकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम इथे उपयोगी पडतो आणि तो चौथीच्या मुलालाही समजेल: आवारात सरासरी जितक्या गाड्या आहेत, त्या भागिले तासाला जितक्या रिकाम्या होतात, म्हणजे एका गाडीचा आवारातला सरासरी वेळ. समजा तासाला ४० गाड्या रिकाम्या होतात आणि आवारात २४० उभ्या आहेत. प्रत्येक गाडीवाल्याचे सहा तास गेले. ८० च उभ्या राहतील असे जमवले तर दोन तास. नव्या विद्यार्थ्याला वाटते, सुटले कोडे: तोडणीचा कार्यक्रम नीट आखा, टोकन द्या, गाड्या वेळेवर बोलवा.

मग त्याच्या लक्षात येते की तोड दिवसा होते आणि गाळप रात्रीही चालते. संध्याकाळी आलेल्या गाड्यांचाच ऊस पहाटेपर्यंत गव्हाणीला पुरवायचा असतो. रांग ही निव्वळ ढिसाळपणा नाही. ती कारखान्याचे रात्रीचे गोदाम आहे. फक्त त्या गोदामाचे भाडे कारखाना देत नाही. वाहतूक आणि तोडणीचे पैसे टनावर ठरतात, ताटकळलेल्या तासांवर नाही. ते तास गाडीवाल्याचे, त्याच्या बायकोचे आणि बैलांचे. वाळलेल्या उसाचे घटलेले वजन शेतकऱ्याचे. व्यवस्थेच्या आलेखावर रांग काढताना तिची किंमत कोणाच्या नावावर लिहायची, हा प्रश्न गणितात नसतो. तो आखणाऱ्याने विचारायचा असतो. ट्रॅक्टरमागच्या सुट्या ट्रॉल्या आल्यापासून काही ठिकाणी उत्तर बदलले आहे: ट्रॉली उभी राहते, ट्रॅक्टर पुढच्या खेपेला जातो. वाट पाहण्याचे काम माणसाकडून लोखंडाकडे गेले. बैलगाडीवाल्याला ती सोय नाही.

दवाखान्यातले उदाहरण मदुराईचे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ मध्ये अकरा खाटांवर त्यांनी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने बोटे वाकडी झालेला हा डोळ्यांचा सर्जन अमेरिकेतल्या मॅकडोनाल्डच्या दुकानांवर खूश होता. एकाच प्रतीची गोष्ट हजारो ठिकाणी कशी देतात, हे त्यांना तिथे दिसले. अरविंदमध्ये सर्जनच्या दोन बाजूंना दोन टेबले असतात. एका रुग्णाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्या टेबलावर परिचारिका पुढच्याची तयारी करतात. एक संपली की सर्जन फक्त सूक्ष्मदर्शकासह वळतो. सर्वांत दुर्मीळ आणि महाग गोष्ट सर्जनचे हात, तेव्हा त्या हातांनी वाट पाहता कामा नये. एरवी ऑपरेशन थिएटरात रुग्ण आत-बाहेर होईपर्यंत सर्जन चहा पितो. अडथळ्याची जागा ओळखणे आणि बाकी सगळे तिच्या सोयीने लावणे, हे या विषयातले कदाचित सर्वांत उपयोगी सूत्र असेल. साचेखात्यात मालकांनी अडथळा विणकर धरला. तो सूत निघाला.

मुंबईचे डबेवाले या विषयाच्या प्रत्येक मराठी भाषणात येतात, तेव्हा त्यांच्याबद्दलही दोन शब्द. रंग आणि आकड्यांच्या खुणांवर, लोकलच्या वेळापत्रकात बसवलेली ही व्यवस्था खरोखरच अभ्यासण्यासारखी आहे आणि हार्वर्डने २०१० मध्ये तिच्यावर केस स्टडीही काढली. 'सिक्स सिग्मा प्रमाणपत्र' ही मात्र दंतकथा. 'फोर्ब्स' मासिकात १९९८ मध्ये आलेल्या लेखाचा हवाला दिला जातो. तो लिहिणाऱ्या पत्रकाराने नंतर स्पष्ट केले की तो शब्दच त्याने वापरला नव्हता. चुका किती होतात याची कोणी रीतसर नोंद ठेवली नव्हती. मोजणे हाच ज्या विषयाचा धर्म, त्याचे सर्वांत आवडते उदाहरण न मोजलेल्या आकड्यावर उभे असावे, ही गंमत विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. डबेवाल्यांचे त्यात काही बिघडत नाही.

शिक्षणक्रम म्हणून हा विषय अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात १९०९ च्या सुमारास सुरू झाला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर त्याला वेग आला. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद झाली; १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने पवईला विहार तलावाकाठी 'निटी' उभी राहिली, ती २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. बाकी महाविद्यालयांत हा विषय बहुधा प्रॉडक्शन किंवा मेकॅनिकलच्या छत्रीखाली नांदतो, आणि 'ना धड इंजिनिअरिंग, ना धड मॅनेजमेंट' असे टोमणे ऐकतो. टोमण्यात तथ्य एवढेच की या शाखेच्या अभियंत्याला दाखवायला वस्तू नसते. पूल बांधणारा पूल दाखवतो. याने वाचवलेली चार पावले कोणाला दिसत नाहीत.

नोकरी लागल्यावर पहिले काम बहुधा वेळ-अभ्यासाचे. पिंपरी-चाकण पट्ट्यात त्या विभागाला 'आय. ई.' म्हणतात आणि कँटीनमध्ये त्या टेबलावर सहसा गर्दी नसते. आता स्टॉपवॉचऐवजी टॅबलेट असतो, कॅमेरा असतो. कित्येक ठिकाणी घड्याळच लावत नाहीत: हात पुढे करणे, पकडणे, आणणे, बसवणे अशा हालचालींचे कोष्टक असते आणि प्रत्येकीचा वेळ आधीच ठरलेला असतो. त्या कोष्टकाचे एकक ०.०३६ सेकंदाचे, तासाचा एक लाखावा भाग. नटावर पाना ठेवून फिरवण्याची किंमत त्या एककात निघते, पाळीच्या मिनिटांना तिने भागले की टार्गेट निघते, आणि ते टार्गेट काही वर्षांनी होणाऱ्या वेतन कराराच्या टेबलावर जाऊन बसते. तिथे समोर युनियनचा माणूस स्वतःचे आकडे घेऊन येतो. चांगल्या युनियनकडे वेळ-अभ्यास शिकलेला माणूस असतोच.

कोष्टक वापरा की घड्याळ, एक गोष्ट माणसाच्या डोळ्यांवरच सोडावी लागते. समोरचा कामगार नेहमीच्या गतीने काम करतो आहे, मुद्दाम सावकाश, की आपण बघतो म्हणून जोरात? याला रेटिंग म्हणतात. नेहमीची गती १०० धरायची आणि समोर दिसते त्याला आकडा द्यायचा. तो आकडा देण्याचा सराव व्हावा म्हणून प्रयोगशाळेत पत्त्यांचा कॅट आणतात. ५२ पाने चार जणांना अर्ध्या मिनिटात वाटणे, ही जगभर मानलेली १०० ची गती. सपाट जमिनीवर तासाला तीन मैल, म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या वर चालणे, ही दुसरी.

पहिल्या फेरीत पाने वाटणाऱ्या मुलाला वाटते की खेळ सुरू व्हायचा आहे. मागच्या बाकावरच्या मुलीने गुपचूप घड्याळ लावलेले असते: २७ सेकंद. मग सर सांगतात की आता मोजायचे आहे, आणि तू समज की दिवसभर, आठ तास हेच करायचे आहे. मुलगा खुर्ची सावरतो, पाने ठोकून सारखी करतो आणि वाटतो: ३४ सेकंद. फळ्यावर दोन आकडे लिहिले जातात, १११ आणि ८८. यातला खरा कोणता, यावर वर्गाचा उरलेला तास जातो.